छत्तिसावा दिवस

गटारीच्या आधीच्या रविवारी ठाण्यापासून बदलापूरपर्यंत मटणाच्या दुकानांसमोर रांगा लागतात आणि वाइन शॉपसमोर त्याहून मोठ्या. आषाढ अमावास्या सरली की श्रावण, आणि श्रावणात कितीतरी घरांतले पिणारे पुरुष महिनाभर बाटलीला हात लावत नाहीत. "मी श्रावण कडक पाळतो, मला कसलं व्यसन?" हे वाक्य इथल्या प्रत्येक मानसोपचारतज्ज्ञानं आणि समुपदेशकानं ऐकलेलं असतं. बोलणारा खोटं बोलत नसतो. तो खरोखरच महिनाभर पीत नाही. पण महिनाभर थांबता येणं हा व्यसन नसल्याचा पुरावा होत नाही. व्यसन असलेली पुष्कळ माणसं अनेकदा थांबतात. त्यांना जमत नाही ते वेगळंच: थांबलेलं टिकवणं, आणि एकदा प्यायला सुरुवात झाली की दोनावर उठणं. श्रावणातला प्रत्येक दिवस भाद्रपदाकडे डोळे लावून ढकलला जात असेल, तर दारू फक्त पोटात नसते. डोक्यात ती रोजच असते.

काहींच्या बाबतीत श्रावणाचा पहिला आठवडाच धोक्याचा ठरतो. रोज भरपूर पिणाऱ्या माणसाच्या मेंदूत काय होतं ते पाहू. मेंदूला शांत करणारं 'गाबा' नावाचं एक रसायन असतं आणि चेतवणारं 'ग्लुटामेट' नावाचं दुसरं. दारू पहिल्याला बळ देते आणि दुसऱ्याला दाबते, म्हणून पिणाऱ्याला सैलावल्यासारखं वाटतं. पण वर्षानुवर्षं हे रोज घडलं की मेंदू तोल राखण्यासाठी उलट बाजूनं जोर लावायला शिकतो. मग तेवढ्याच दारूनं काही वाटेनासं होतं आणि नाइन्टीची क्वार्टर होते, क्वार्टरचा हाफ. अशा अवस्थेत एके दिवशी दारू पूर्ण बंद केली, तर रस्सीखेचीत एका बाजूनं अचानक दोर सोडल्यासारखं होतं. दुसऱ्या बाजूचा सगळा जोर मोकळा सुटतो. सहा-आठ तासांत हात थरथरतात, घाम फुटतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान काहींना ताप चढतो, आपण कुठे आहोत हे कळेनासं होतं, भिंतीवर किडे चालताना दिसतात, नसलेल्या माणसांचे आवाज ऐकू येतात. वैद्यकात याला 'डेलिरियम ट्रेमेन्स' म्हणतात आणि उपचार वेळेवर मिळाले नाहीत तर त्यात जीव जातो.

घरच्यांना मात्र हे 'बाहेरचं' वाटतं. कुणी उतारा टाकतं, कुणी अंगारा लावतं. कुणी घाबरून एक पेग पाजतं आणि माणूस तासाभरात शांत होतो, म्हणून दारूच औषध ठरते. खरं औषध डॉक्टरांकडे आहे आणि ते अवघड नाही. डायझेपामच्या जातीच्या गोळ्या आधी पुरेशा मात्रेत देऊन आठवडाभरात उतरवत आणतात. सोबत थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, इंजेक्शनानं देतात. जेवणाऐवजी दारूवर राहिलेल्या शरीरात ते संपलेलं असतं, आणि ते न देता नुसतं ग्लुकोज चढवलं तर मेंदूला कायमची इजा होण्याचा धोका असतो. म्हणून ज्याला सकाळी उठल्यावर हात स्थिर करायला घोट लागतो, त्यानं घरच्या घरी एकदम दारू सोडू नये, मग ती श्रावणासाठी असो, माळेसाठी असो की मुलाच्या शपथेसाठी. आधी डॉक्टर गाठावा आणि शेवटचा घोट कधी घेतला, रोज किती लागते, पूर्वी कधी फिट आली होती का, ही तीन उत्तरं खरी द्यावीत.

हे सगळं आठ-दहा दिवसांचं काम. शरीर दारूशिवाय चालू लागतं, भूक लागते, चेहरा बदलतो. नातेवाईक म्हणतात, "बघा, सुटली!" माझ्या मते या आजाराविषयीचा सगळ्यात महागात पडणारा गैरसमज इथे आहे. सोडणं आठवड्यात होतं. त्यानंतर दारूशिवाय जगायला शिकणं, हा उपचार आहे. पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात माणसाला ३५ दिवस ठेवून घेतात ते यासाठी. आणि ठाणे-कल्याण-डोंबिवलीच्या दृष्टीनं खरा प्रश्न ३५ दिवसांचा नाहीच. तो आहे छत्तिसाव्या दिवसाचा, माणूस आपल्या स्टेशनवर उतरतो तेव्हाचा.

मुक्तांगण उभं राहिलं ते दारूसाठी नव्हे, गर्दसाठी. १९८०च्या दशकात मुंबई-पुण्यात ही ब्राऊन शुगर, म्हणजे हेरॉइनचाच एक प्रकार, पसरली तेव्हा चांगल्या घरांतली कॉलेजची पोरं पन्नीवर पावडर ओढताना सापडू लागली. लेखक-पत्रकार अनिल अवचटांनी त्यावर लेखमाला लिहिली, तिचं पुढे 'गर्द' हे पुस्तक झालं. लेख वाचून पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई अस्वस्थ झाले आणि त्यांनी एक लाख रुपये देऊ केले. अवचटांच्या पत्नी डॉ. अनिता अवचट, म्हणजे सुनंदा, येरवड्याच्या मनोरुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ होत्या. २९ ऑगस्ट १९८६ रोजी त्याच आवारात मुक्तांगण सुरू झालं. माणसाला मारून, कोंडून, अपमान करून व्यसन सुटत नाही, ही सुनंदाताईंची धारणा होती आणि संस्थेचा सगळा कारभार त्यांनी तिच्यावर उभा केला. बरे झालेले रुग्णच पुढे तिथे समुपदेशक आणि कार्यकर्ते झाले. १९९७ साली कॅन्सरनं त्या गेल्या. पुढे त्यांची मुलगी मुक्ता पुणतांबेकर यांनी काम सांभाळलं.

या कामाला ठाण्याशी जोडणारं नाव मानसोपचारतज्ज्ञ डॉ. आनंद नाडकर्णी यांचं. मुक्तांगणच्या सुरुवातीच्या काळापासून ते त्या कामात आहेत, आणि १९९० साली त्यांनी ठाण्यात 'इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ' म्हणजे आयपीएच सुरू केलं. त्याआधी ठाण्यात मनाचा आजार म्हटलं की १९०१ पासून उभ्या असलेल्या मनोरुग्णालयाचंच नाव निघे आणि त्या नावानं लोक दचकत. मनाच्या तक्रारीसाठी डॉक्टरांकडे जाणं ही चारचौघांसारखी गोष्ट आहे, हे या गावाला पटवण्यात आयपीएचचा वाटा मोठा आहे. व्यसनाच्या बाबतीत तर तो फार मोलाचा, कारण व्यसनी माणूस आणि त्याचं घर दोघंही आजारापेक्षा लाजेनं जास्त काळ अडकलेली असतात.

आता छत्तिसाव्या दिवसाकडे येऊ. मेंदूत 'डोपामाइन' नावाचं एक रसायन आहे. सुखाचं रसायन म्हणून ते प्रसिद्ध असलं तरी त्याचं मोठं काम शिकवण्याचं आहे: कुठे, केव्हा, कोणाबरोबर काय मिळालं याची मेंदूत पक्की नोंद करायची आणि ती जागा, ती वेळ पुन्हा आली की ओढ निर्माण करायची. नशेचे पदार्थ हे रसायन नेहमीच्या गोष्टींपेक्षा कितीतरी जास्त सोडतात, म्हणून त्यांच्या नोंदी खोल जातात. माणूस शपथ विसरत नाही. पण स्टेशनबाहेरच्या त्या बारची पाटी दिसली की विचार करायच्या आधीच तोंडाला पाणी सुटतं. विचार करणारा मेंदूचा पुढचा भाग अनेक वर्षांच्या नशेनं आधीच दुबळा झालेला असतो. याला इच्छाशक्ती नाही म्हणणं सोपं आहे. मला ते चुकीचं वाटतं, आणि निर्दयही.

परिसराचं बळ किती असतं हे एका अभ्यासात फार स्पष्ट दिसलं. व्हिएतनामच्या युद्धात असंख्य अमेरिकी सैनिक हेरॉइनला लागले होते. १९७०च्या दशकात ली रॉबिन्स या संशोधिकेनं मायदेशी परतलेल्या सैनिकांचा पाठपुरावा केला, तेव्हा तिथे व्यसन लागलेल्यांपैकी पहिल्या वर्षभरात जेमतेम पाच टक्के पुन्हा त्यात अडकले होते. तेव्हा अनेकांना हे खरं वाटेना. पण त्या सैनिकांचा देश बदलला होता, सोबती बदलले होते, दिवसाचा क्रम बदलला होता. नोंदी जागवणारं काही उरलंच नव्हतं.

आपल्याकडे बरोबर उलट घडतं. डोंबिवलीचा माणूस ३५ दिवस बाहेर राहतो आणि नेमका त्याच फलाटावर परततो. तीच फास्ट लोकल, तोच डबा, तोच गट, ज्यातले दोघंतिघं संध्याकाळी उतरल्यावर "बसू या का थोडं?" म्हणायचे. स्टेशनच्या पश्चिमेला उतरून तोच बोळ. महिन्याची तीच पगाराची तारीख. पुढच्या शनिवारी गावात कुणाची तरी हळद, आणि आपल्या पट्ट्यात हळदीला पाहुण्याच्या हातात ग्लास दिला नाही तर यजमानाला कमीपणा वाटतो. हळदीत दारू ठेवायची नाही असं ठरवणारी घरं अलीकडे दिसू लागली आहेत, त्यांचे उपकार मानावेत तेवढे थोडे. मग गटारी, मग थर्टी फर्स्ट, मग धुळवड.

म्हणून चांगला समुपदेशक घरी सोडताना उपदेश कमी करतो आणि वेळापत्रकावर जास्त वेळ घालवतो. लोकल बदला: अर्धा तास आधीची धरा, डबा बदला. लोकलच्या डब्यांत भजनी मंडळं असतात, त्यांच्यात उभे राहा. जिन्यावरून दुसऱ्या बाजूनं उतरा, चार मिनिटं जास्त लागली तरी चालतील. पहिले काही महिने पगार घरच्या दुसऱ्या माणसाच्या खात्यात जाऊ द्या आणि खिशात भाड्यापुरते पैसे ठेवा. जुन्या सोबत्यांचे नंबर काढून टाका. सात ते नऊ ही वेळ सगळ्यात कठीण, तेव्हा त्या वेळेला आधीच काम लावून ठेवा: मुलाचा अभ्यास, तलावपाळीला फेरी, व्यायामशाळा, काहीही. भूक, राग, एकटेपणा आणि थकवा या चौघांपैकी दोघं एकत्र आले की ओढ वाढते, म्हणून निघतानाच ऑफिसात काहीतरी खाऊन घ्या. या गोष्टी ऐकायला क्षुल्लक वाटतात. पण ओढ लागते ती लाटेसारखी चढते आणि बहुतेक वेळा अर्ध्या तासात ओसरते. तो अर्धा तास कुठे आणि कुणाबरोबर जातो, यावर पुष्कळ काही ठरतं.

त्या सात ते नऊच्या वेळेलाच अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या पुष्कळ सभा भरतात, हे काही उगाच नाही. १९३५ साली अमेरिकेत अ‍ॅक्रन गावात बिल विल्सन हा शेअर बाजारातला माणूस आणि डॉ. बॉब स्मिथ हे शल्यविशारद, दोघंही दारूनं पोखरलेले, एकमेकांशी बोलत राहिले आणि पिण्यापासून दूर राहिले. त्यातून ही चळवळ निघाली. १९५७ साली ती मुंबईत आली. आज ठाणे, कल्याण, डोंबिवलीत मराठी-हिंदीतून तिच्या सभा होतात. फी नाही, नोंदवही नाही, आडनाव सांगावं लागत नाही. समोरचा माणूस डॉक्टर नसतो, साधू नसतो. त्यानंही कधी बायकोचं मंगळसूत्र गहाण ठेवलेलं असतं आणि तो ते सांगतो. ऐकणाऱ्याला पहिल्यांदाच वाटतं की आपण एकटे नाही. सोबत 'स्पॉन्सर' म्हणून एक जुना सदस्य मिळतो, ज्याला रात्री अकरालाही फोन करता येतो. अनेक डॉक्टरांना या सभा म्हणजे नुसता भाबडेपणा वाटायचा. २०२० साली कॉक्रेन या नावाजलेल्या संस्थेनं यावरचे अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा पूर्ण दारूमुक्त राहण्याच्या बाबतीत या पद्धतीवर आधारलेले उपचार इतर मान्य मानसोपचारांइतकेच, आणि काही ठिकाणी अधिक, परिणामकारक दिसले. ज्यांना त्यातली देवावर सोपवण्याची भाषा रुचत नाही, त्यांनी ती बाजूला ठेवून माणसांसाठी जावं.

घरच्यांचं दुःख वेगळंच असतं आणि त्या दुःखावर धंदा करणारेही असतात. लोकलच्या डब्यात चिकटवलेलं 'पेशंटला न कळता दारू सोडवा' हे स्टिकर कुणी पाहिलेलं नाही? अशा पुड्यांत काय असतं याची खात्री नसते. पण काही वेळा घरचेच केमिस्टकडून डायसल्फिरामची गोळी आणून भाजीत मिसळतात. हे औषध १९४०च्या दशकात डेन्मार्कमध्ये नावारूपाला आलं. एरिक जेकबसन आणि जेन्स हाल्ड हे जंतांवरचं औषध म्हणून ते तपासत होते. स्वतः घेऊन पाहिलं आणि नंतर थोडी दारू घेतली, तर दोघंही आजारी पडले. ही गोळी दारूच्या पचनाची साखळी मध्येच तोडते, त्यामुळे एक विषारी घटक रक्तात साचतो: चेहरा लालबुंद, छातीत धडधड, ओकाऱ्या, रक्तदाब कोसळतो. ज्याला हे ठाऊक आहे, ज्यानं स्वतः होकार दिला आहे आणि ज्याचं हृदय आणि यकृत डॉक्टरांनी तपासलं आहे, त्याला ती उपयोगी पडते, कारण सकाळी एकदा गोळी घेतली की त्या दिवसाचा निर्णय झालेला असतो. न सांगता दिली तर तो जिवावरचा खेळ आहे. याशिवाय नाल्ट्रेक्सोन आणि अकॅम्प्रोसेट ही ओढ कमी करणारी औषधंही आहेत, मानसोपचारतज्ज्ञ ती देतात. त्यांच्याबद्दल आपल्याकडे विचारलंच जात नाही.

बायको काय करते? ती साहेबांना फोन करून "ह्यांना ताप आहे" सांगते, वाण्याची उधारी भागवते, पोळीभाजी करून विकते, सासूपुढे सावरून घेते. प्रेमापोटी केलेल्या या प्रत्येक गोष्टीनं पिण्याचे परिणाम पिणाऱ्यापर्यंत पोचत नाहीत. तिला दोष देण्यासाठी हे लिहीत नाही. तिच्यावर आलेली वेळ कुणावर न येवो. पण खोटा फोन न करणं आणि त्याच वेळी माणसाला टाकून न देणं, हे एकटीला जमत नाही. त्यासाठी मुक्तांगणनं पत्नींचा 'सहचरी' गट चालवला आहे आणि जगभर कुटुंबियांसाठी अल-अनॉन आहे. बाईच पिणारी असेल तर घर तिला डॉक्टरांपासूनही लपवतं. अशा स्त्रियांसाठी मुक्तांगणचा 'निशिगंध' हा वेगळा विभाग आहे.

दारूखेरीज आपल्या पट्ट्यात आज चिंता आहे ती एमडीची. मेफेड्रॉन हे त्याचं नाव. २०१५ साली ते अमली पदार्थांच्या कायद्याखाली आलं. पोरं आधी जागं राहायला घेतात, मग झोपच येत नाही, मग आईवडीलच आपल्यावर पाळत ठेवतात असा संशय. दारूसाठी किंवा हेरॉइनसाठी जशी ठरलेली औषधं आहेत तशी यासाठी नाहीत. मानसोपचार, झोप आणि काळ हेच औषध. या पदार्थाच्या दूरच्या कुळातल्या मेथॅम्फेटॅमिनवर नोरा वोल्कोव यांनी २००१ साली केलेल्या अभ्यासात मेंदूतल्या डोपामाइनच्या खुणा वर्ष-सव्वा वर्षाच्या परहेजानंतर बऱ्याच भरून आलेल्या दिसल्या. धीर देणारी गोष्ट आहे ही. मात्र वर्ष लागतं. मुंब्रा-भिवंडीकडे कोडीनयुक्त खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या आणि झोपेच्या गोळ्या चालतात, या गोळ्यांना 'बटण' म्हणतात. गर्द सोडणाऱ्याची 'टर्की', म्हणजे सोडतानाचा त्रास, भयंकर असते: हाडं ठणकतात, जुलाब होतात. ती सहसा जीव घेत नाही. जीव जातो तो नंतर. महिनाभर बंद राहिलेलं शरीर जुनी मात्रा विसरलेलं असतं, आणि माणूस बाहेर पडून पहिल्या दिवशी जुनीच मात्रा घेतो. म्हणून गर्दच्या जागी डॉक्टर देतात त्या ब्युप्रेनॉर्फिनसारख्या औषधावर दीर्घकाळ ठेवण्याला 'एक नशा काढून दुसरी लावली' म्हणू नये. त्यानं माणसं जिवंत राहतात.

केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयानं एम्सकडून करवून घेतलेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत दारूवर अवलंबून असलेले सुमारे २.९ कोटी लोक आढळले, आणि त्यांच्यापैकी अडतिसांत एकालाच कुठला तरी उपचार मिळाला होता. या दरीत कल्याण, अंबरनाथ, बदलापूर, मुरबाडच्या बाजूला भाड्याच्या बंगल्यांतून केंद्रं निघाली आहेत. काही प्रामाणिक आहेत. काही रात्री गाडी पाठवून माणसाला उचलून नेतात, आणि मारहाण म्हणजेच उपचार समजतात. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार व्यसन हा मानसिक आजार धरलेला आहे. केंद्राची नोंदणी लागते, साखळदंड चालत नाही, आणि इच्छेविरुद्ध ठेवायचं तर तज्ज्ञांची तपासणी आणि मुदतीची मर्यादा आहे. तेव्हा पैसे भरण्याआधी नोंदणी क्रमांक मागा, मानसोपचारतज्ज्ञ किती वेळा येतात ते विचारा, आणि पहिल्या आठवड्यात आम्हाला भेटू द्याल का हे विचारा. शेवटच्या प्रश्नाला "नाही" आलं तर परत फिरा. पोलिसांची भीती हेही लोक न येण्याचं कारण असतं. १९८५च्या अमली पदार्थ कायद्यात ६४-अ हे कलम आहे: सेवन करणारा स्वतःहून मान्यताप्राप्त उपचाराला आला, तर खटल्यापासून संरक्षण मिळण्याची तरतूद आहे.

आणि पुन्हा घेतली तर? निम्म्याच्या आसपास लोक पहिल्या वर्षात कधी ना कधी घसरतात. हे प्रमाण उच्च रक्तदाब किंवा दम्याच्या रुग्णांनी पथ्यात खंड पाडण्याएवढंच आहे, आणि त्या रुग्णांना आपण "तुला बरं व्हायचंच नाही" असं म्हणत नाही. घसरल्यावर पहिल्या पेगपेक्षा घातक असतो तो त्यानंतरचा विचार: आता सगळं गेलंच, तर पिऊन टाकू. म्हणून घसरल्याचं त्याच दिवशी सांगता येईल असं एक माणूस आधीपासून ठरलेलं असावं, आणि त्यानं "कधी, कुठे, कुणाबरोबर, त्याआधी काय झालं?" एवढंच विचारावं. त्या उत्तरांतून पुढच्या आठवड्याचं वेळापत्रक दुरुस्त होतं.

व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठी टेली-मानसचा १४४१६, हे दोन्ही सरकारी क्रमांक फुकट आहेत. घरातला माणूस यायला तयार नसेल तर त्याच्याविना जा. बायको, आई, भाऊ, कुणीही एकटं गेलं तरी समुपदेशक बोलतात, आणि पुष्कळदा उपचाराची सुरुवात अशीच होते: आधी बायको दोन-तीन वेळा जाऊन येते, तिचं बोलणं-वागणं बदलतं, आणि एके दिवशी तो विचारतो, "तू कुठे जातेस गं मंगळवारी?"